गॅमा किरण स्फोट आणि त्यांचे आफ्टरग्लो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाच्या रात्री, महाविद्यालयांतल्या व्याख्यानांनंतर आणि मोबाइलवरच्या निरोपांतून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, पुढे अपवाद आणि अडचणीची प्रकरणं. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून गरज पडेल तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गॅमा किरण स्फोट म्हणजे नेमकं काय?

आकाशातल्या एखाद्या बिंदूतून अचानक गॅमा किरणांचा लोंढा येतो, काही सेकंद टिकतो आणि थांबतो. तेवढ्या वेळात तो बिंदू गॅमा किरणांत बाकी सगळ्या आकाशापेक्षा तेजस्वी असू शकतो. आपला सूर्य सुमारे दहा अब्ज वर्षांच्या आयुष्यात जेवढी ऊर्जा देईल, साधारण तेवढी इथे काही सेकंदांत बाहेर पडते.

कारणं मुख्यतः दोन. पहिलं, खूप जड, वेगाने फिरणाऱ्या ताऱ्याचा गाभा कोसळतो आणि मधोमध कृष्णविवर तयार होतं. दुसरं, दोन न्यूट्रॉन तारे (जड ताऱ्यांच्या मृत्यूनंतर उरलेले अतिघन गाभे) एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी एकमेकांवर आदळतात. दोन्हींत पदार्थाचे दोन अरुंद झोत विरुद्ध दिशांना सुटतात. त्यांतला एक झोत नेमका आपल्या दिशेने असेल तरच आपल्याला स्फोट दिसतो. असे स्फोट आपल्या दीर्घिकेत नाही, दूरच्या दीर्घिकांमध्ये होतात, आणि सगळं आकाश धरलं तर सरासरी दिवसाला एखादा टिपता येण्याजोगा असतो.

२. हे स्फोट सापडले कसे?

शोधायला गेले होते दुसरंच. अणुचाचणीबंदीच्या कराराचं कोणी उल्लंघन करतंय का, हे पाहण्यासाठी अमेरिकेने वेला नावाचे उपग्रह सोडले होते. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांची अशी एक उसळी टिपली, जी अणुस्फोटासारखी मुळीच नव्हती. पुढे अशा १६ घटना जमल्यावर अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या क्लेबेसाडेल, स्ट्राँग आणि ओल्सन यांनी १९७३ मध्ये त्या जाहीर केल्या.

त्यानंतरची चोवीस वर्षं मला फार शिकवणारी वाटतात. घटना पुष्कळ नोंदल्या जात होत्या, पण एकीचंही अंतर माहीत नव्हतं. १९९१ मध्ये सुटलेल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्सी उपकरणाने नऊ वर्षांत २,७०४ स्फोट नोंदवले आणि ते आकाशात सगळीकडे सारखेच विखुरलेले आढळले. हे आपल्या आकाशगंगेतले असते तर तिच्या पट्ट्यात दाटी दिसली असती. तरीही १९९५ मध्ये डॉन लॅम्ब आणि बोहदान पाचिन्स्की या खगोलशास्त्रज्ञांत वॉशिंग्टनमध्ये जाहीर वाद झाला, तेव्हा स्फोट जवळचे की दूरचे हे ठरलं नाही. ते ठरवलं आफ्टरग्लोने, म्हणजे स्फोटानंतर मागे रेंगाळणाऱ्या उजेडाने (प्रश्न ३ आणि ७).

३. मग आफ्टरग्लो म्हणजे काय? स्फोट संपल्यावर उजेड कशाचा?

झोत प्रकाशाच्या वेगाच्या ९९.९९ टक्क्यांहून जास्त वेगाने सुटलेला असतो. गॅमा किरण देऊन झाले तरी तो थांबत नाही. ताऱ्याभोवतीच्या विरळ वायूत घुसून तो वायू पुढे रेटत जातो. त्या धक्क्यात इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग मिळतो, चुंबकीय क्षेत्रात ते मळसूत्रासारखे फिरतात आणि फिरताना प्रकाश देतात. हा प्रकाश क्ष-किरणांपासून रेडिओ लहरींपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. झोताचा वेग जसा मंदावतो तसा हा प्रकाशही मंदावतो आणि त्याचा भर कमी ऊर्जेकडे सरकतो.

पहिला आफ्टरग्लो २८ फेब्रुवारी १९९७ च्या स्फोटानंतर सापडला. इटली-नेदरलँड्सच्या बेपोसॅक्स उपग्रहाने साधारण आठ तासांनी आपली क्ष-किरण दुर्बीण तिकडे वळवली आणि तिथे मंदावत जाणारा स्रोत मिळाला. यान व्हान पाराडाइस यांच्या गटाने ला पाल्मा बेटावरच्या विल्यम हर्शेल दुर्बिणीने त्याच रात्री घेतलेलं छायाचित्र ८ मार्चच्या छायाचित्राशी ताडून पाहिलं. पहिल्यात असलेला एक ठिपका दुसऱ्यात नव्हता.

४. एका चांगल्या दुर्बिणीने का भागत नाही? इतक्या तरंगलांबी कशासाठी?

कारण प्रत्येक तरंगलांबी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

गॅमा किरण सांगतात की काहीतरी घडलं, किती वेळ चाललं आणि मधल्या इंजिनाची धडधड कशी होती. पण जागा नेमकी सांगायला ते बहुधा कमी पडतात. क्ष-किरण जागा काही विकलांपर्यंत आणून देतात (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). पहिल्या काही तासांत ते जवळजवळ प्रत्येक स्फोटात मिळतात, त्यामुळे मंदावण्याचा आलेख तिथेच सगळ्यात सलग हाती येतो. दृश्य आणि अवरक्त प्रकाशातून अंतर कळतं, ज्या दीर्घिकेत हे झालं ती सापडते, आणि काही दिवसांनी त्याच जागी अतिनवतारा (जड तारा फुटल्याचा उजेड) किंवा किलोनोव्हा (न्यूट्रॉन तारे आदळल्यानंतरची चमक) उगवतो का हेही तिथेच पाहता येतं.

रेडिओ लहरी सगळ्यात उशिरा येतात. दिवसांनी, कधी आठवड्यांनी त्यांचा जोर वाढतो आणि महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षं त्या मिळत राहतात. तोवर झोत पसरून मंद झालेला असतो, म्हणून एकूण ऊर्जा किती होती हे रेडिओ निरीक्षणांवरून जास्त विश्वासाने मोजता येतं. मे १९९७ मधल्या जीआरबी ९७०५०८ चं (जीआरबी म्हणजे गॅमा किरण स्फोट, आकड्यांचा अर्थ प्रश्न ६ मध्ये) उदाहरण मला फार आवडतं. डेल फ्रेल आणि सहकाऱ्यांना अमेरिकेतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणीत त्याचा रेडिओ आफ्टरग्लो सुरुवातीला लुकलुकताना दिसला. आपल्या आकाशगंगेतल्या वायूमुळे बिंदूएवढे लहान स्रोत असे लुकलुकतात, जसे वातावरणामुळे तारे लुकलुकतात पण ग्रह फारसे नाहीत. महिन्याभराने ते लुकलुकणं कमी झालं, म्हणजे स्रोत मोठा झाला होता. किती वेळात किती मोठा झाला हे काढल्यावर विस्ताराचा वेग प्रकाशाच्या वेगाजवळ आला. अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या वस्तूचं आकारमान केवळ लुकलुकण्यावरून मोजलं गेलं!

यातली एक जरी तरंगलांबी गाळली तरी चित्रात भोक राहतं. म्हणून एका स्फोटावरच्या शोधनिबंधाला कधीकधी डझनभर दुर्बिणींची निरीक्षणं लागतात.

५. स्फोट झाल्यापासून दुर्बीण तिकडे वळेपर्यंत काय काय होतं?

गॅमा किरण वातावरणात शोषले जातात, त्यामुळे पहिली चाहूल उपग्रहालाच लागते. २००८ पासून फिरणाऱ्या फर्मी उपग्रहावरचं जीबीएम हे उपकरण वर्षाला सुमारे २४० स्फोट पकडतं, पण जागा काही अंशांच्या चुकीने देतं. पाच अंश त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळपास चारशे पौर्णिमेचे चंद्र मावतील एवढं आकाश. साध्या दुर्बिणीने एवढ्या जागेत मंद ठिपका शोधणं फार कठीण. म्हणून तिथे मोठं दृश्यक्षेत्र असलेल्या दुर्बिणी लागतात.

२० नोव्हेंबर २००४ रोजी सोडलेल्या स्विफ्ट उपग्रहाने हे काम पार बदललं. त्याचं बॅट उपकरण जागा तीनेक कलांपर्यंत देतं. मग उपग्रह माणसाची वाट न पाहता स्वतःच वळतो आणि बहुतेक वेळा दीड-दोन मिनिटांत त्याची क्ष-किरण दुर्बीण जागा काही विकलांवर आणते. दरम्यान जीसीएन नावाच्या जाळ्यातून हा निरोप जगभर गेलेला असतो. स्वयंचलित दुर्बिणी तो थेट वाचून वळतात, बाकीच्यांचे फोन वाजतात. पुढचे तास आणि दिवस त्याच जाळ्यावर लोक छोटी परिपत्रकं टाकत राहतात: आम्हाला इतक्या वाजता, या गाळणीतून, इतक्या प्रतीचा ठिपका मिळाला (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद). ही परिपत्रकं सगळ्यांना खुली असतात. दुसऱ्या देशातल्या, कधीही न भेटलेल्या माणसाच्या चार ओळींवर विसंबून आपण आपली दुर्बीण वळवतो, याचं मला अजूनही अप्रूप आहे.

६. जीआरबी २२१००९ए या नावाचा अर्थ काय? बातमीतली तारीख आणि नावातली तारीख वेगळी का असते?

वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला क्रम. म्हणजे ९ ऑक्टोबर २०२२ चा पहिला स्फोट. २०१० पूर्वी दिवसाला एकच स्फोट असेल तर अक्षर लावत नसत, म्हणून जुनी नावं अक्षराविना दिसतात.

तारीख नेहमी जागतिक वेळेची असते. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे, त्यामुळे जागतिक वेळेने ९ तारखेच्या रात्री ८ ला झालेला स्फोट आपल्याकडे १० तारखेच्या पहाटे दीडला असतो. याच घोळात मी एकदा एक अख्खी संध्याकाळ चुकीच्या रात्रीच्या प्रतिमा चाळण्यात घालवली आहे. वहीत फक्त जागतिक वेळ लिहा.

७. इतक्या दूरच्या गोष्टीचं अंतर कसं कळतं?

आफ्टरग्लोचा वर्णपट घेऊन. त्याचा प्रकाश स्वतःच्या दीर्घिकेतल्या वायूतून बाहेर पडतो तेव्हा लोह, मॅग्नेशियम अशा मूलद्रव्यांच्या काळ्या रेषा त्यावर उमटतात. विश्वाच्या प्रसरणामुळे या रेषा तांबड्याकडे सरकलेल्या असतात. ही ताम्रसृती मोजली की अंतर निघतं. जीआरबी ९७०५०८ चा वर्णपट हवाईतल्या केक दुर्बिणीने घेतला तेव्हा ताम्रसृती निदान ०.८३५ आली, आणि प्रश्न २ मधला वाद मिटला.

सगळ्यात लांबच्यांपैकी एक म्हणजे जीआरबी ०९०४२३. ताम्रसृती सुमारे ८.२. विश्वजन्माच्या महास्फोटानंतर जेमतेम ६३ कोटी वर्षांनी तो प्रकाश निघाला. आफ्टरग्लो विझण्याआधी वर्णपट घेतला नाही, तर पुढे ती दीर्घिका शोधून तिचा वर्णपट घ्यावा लागतो. ती अनेकदा इतकी फिकट असते की अंतर कधीच कळत नाही. बहुसंख्य स्फोटांची ताम्रसृती आजही माहीत नाही.

८. खरंच इतकी घाई असते का? उद्या पाहिलं तर चालणार नाही?

ढोबळ मानाने वेळ दहापट झाली की तेज दहाव्या हिश्श्यावर येतं. प्रतीच्या भाषेत २.५ ने घट. स्फोटानंतर १० मिनिटांनी १६ व्या प्रतीचा असलेला आफ्टरग्लो १०० मिनिटांनी १८.५ आणि सतराएक तासांनी २१ व्या प्रतीचा होतो. पहिलं काम ७० सेंटिमीटरच्या दुर्बिणीचं, शेवटचं दोन-तीन मीटरच्या.

पण उशिराची निरीक्षणंही तितकीच मोलाची असतात, आणि ती करायला लोक कमी पडतात. पहिल्या तासात पंचवीस परिपत्रकं येतात, विसाव्या दिवशी एखादंच. झोत किती अरुंद होता, खाली अतिनवतारा दडलाय का, हे त्या उशिराच्या बिंदूंवर ठरतं (प्रश्न १३).

९. भारतातून काय केलं जातं? आपल्या महाराष्ट्राचा यात काही वाटा आहे का?

मोठा आहे. आधी भूगोल पाहा. ला पाल्मा आणि चिलीतल्या वेधशाळांवर दिवस असतो तेव्हा आपल्याकडे रात्र असते. आपण पाहिलं नाही तर मंदावण्याच्या आलेखात कित्येक तासांची फट पडते.

लडाखमध्ये हानले इथे सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय ताराभौतिकी संस्थेची २ मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीण आहे. तिच्याच शेजारी ०.७ मीटरची ग्रोथ-इंडिया दुर्बीण आहे. ती त्या संस्थेची आणि पवईच्या आयआयटी मुंबईची मिळून, पूर्ण स्वयंचलित. हानले पर्जन्यछायेत असल्याने आपल्याकडे पावसाची झड लागलेली असतानाही तिथे काम चालू राहू शकतं. नैनितालजवळ देवस्थळला एरीज संस्थेची ३.६ मीटरची दुर्बीण आहे, ती फिकट, उशिराच्या टप्प्यासाठी. तिथे मात्र पावसाळा आडवा येतो.

रेडिओसाठी जुन्नर तालुक्यातल्या खोडदची जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या साधारण २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरींत तिच्या तोडीच्या दुर्बिणी जगात मोजक्याच आहेत, आणि आफ्टरग्लोचा सगळ्यात शेवटचा, मंद टप्पा नेमका तिथेच उरतो. नारायणगावच्या बाजूला कधी गेलात तर द्राक्षाच्या मळ्यांपलीकडे त्या तबकड्या वळलेल्या दिसतील.

आणि ॲस्ट्रोसॅट. २८ सप्टेंबर २०१५ ला उडालेल्या या उपग्रहावरचं सीझेडटीआय उपकरण घडवण्यात मुंबईची टीआयएफआर आणि पुण्याची आयुका या संशोधन संस्थांचा मोठा भाग आहे. ते सुरू केल्याच्या पहिल्याच दिवशी, ६ ऑक्टोबरला, त्याने जीआरबी १५१००६ए पकडला. पुढे त्याने पाचशेहून जास्त स्फोट नोंदवले. त्याची खासियत म्हणजे गॅमा किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा किती एकसारखी आहे ते मोजणं. झोतातलं चुंबकीय क्षेत्र सुसूत्र आहे की गुंतागुंतीचं, याचा अंदाज त्यावरून येतो. जीआरबी १६०८२१ए मध्ये हे ध्रुवीकरण स्फोट चालू असतानाच बदलत गेल्याचं त्यात दिसलं. यापुढचा दक्ष हा दोन उपग्रहांचा प्रस्ताव आयआयटी मुंबईच्या पुढाकाराने मांडला गेला आहे.

१०. नुसत्या डोळ्यांनी किंवा घरच्या दुर्बिणीने दिसतो का?

नुसत्या डोळ्यांनी एकदा दिसण्याजोगा होता. १९ मार्च २००८ चा जीआरबी ०८०३१९बी भूतप तारकासमूहात, म्हणजे जिथे स्वाती आहे तिथे, ५.३ प्रतीपर्यंत पोचला. प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वी जन्मलीच नव्हती, तो साडेसात अब्ज वर्षं प्रवास करत होता. डोळ्यांना दिसेल इतकं तेज अर्धा मिनिटभर टिकलं. आपल्याकडे तेव्हा सकाळचे पावणेबारा वाजत आले होते. जवळच अर्ध्या तासापूर्वी दुसरा स्फोट झाला होता, म्हणून काही दुर्बिणी आकाशाच्या त्याच भागाकडे आधीपासून लागलेल्या होत्या आणि सुरुवातीपासूनचं चित्रण मिळालं.

घरच्या दुर्बिणीचं म्हणाल, तर आठ इंची दुर्बीण आणि चांगला कॅमेरा असेल तर अंधाऱ्या गावातून १७-१८ प्रतीपर्यंत जाता येतं. २९ मार्च २००३ चा सिंह राशीतला स्फोट अशा हौशी निरीक्षकांनी पुष्कळ टिपला. गाळणी न लावता छोट्या छोट्या प्रतिमा घ्या, त्या एकावर एक रचा, आणि जुन्या आकाश-सर्वेक्षणाशी ताडून पाहा. नवा ठिपका मिळाला तर आधी तो लघुग्रह नाही ना हे तपासा. उत्साहाच्या भरात सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

११. दोन सेकंदांपेक्षा कमी म्हणजे न्यूट्रॉन तारे, जास्त म्हणजे कोसळणारा तारा. हे बरोबर ना?

पुस्तकात असंच असतं, आणि बहुतेक वेळा ते खरं ठरतं. १९९३ मध्ये क्रिसा कुव्हेलिओटू आणि सहकाऱ्यांनी बॅट्सीच्या नोंदींतून हे दोन गट दाखवले. लांब स्फोटांचं अतिनवताऱ्यांशी नातं १९९८ मध्ये एसएन १९९८बीडब्ल्यूने सुचवलं आणि २००३ च्या त्या सिंह राशीतल्या स्फोटाने पक्कं केलं.

पण ही रेषा घड्याळाने आखलेली आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना चुकार सापडले आहेत. २००६ चा जीआरबी ०६०६१४ शंभरेक सेकंद चालला, जवळ होता, तरी खूप शोधूनही अतिनवतारा मिळाला नाही. जीआरबी २००८२६ए साधारण सेकंदभराचाच होता, पण मागे अतिनवतारा निघाला. ११ डिसेंबर २०२१ चा जीआरबी २११२११ए सुमारे ५० सेकंदांचा, आणि त्याच्या जागी दिसला किलोनोव्हा, म्हणजे न्यूट्रॉन तारे एकमेकांत मिसळल्याची खूण. त्याच्या निरीक्षणांत देवस्थळची दुर्बीणही होती. मार्च २०२३ च्या जीआरबी २३०३०७ए मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला टेल्युरियम या जड मूलद्रव्याची, म्हणजे पुन्हा किलोनोव्हाचीच, खूण मिळाली, आणि तोही लांबच स्फोट होता.

हे सगळे अपवाद आफ्टरग्लोच्या पाठपुराव्यातून कळले. नुसत्या गॅमा किरणांच्या आलेखावरून ते चुकीच्या खणात जाऊन पडले असते. म्हणून मी शक्यतो "लांब" आणि "आखूड" हे शब्द काळापुरतेच वापरतो, कारणासाठी नाही.

१२. क्ष-किरणांत स्पष्ट दिसतो, पण दृश्य प्रकाशात काहीच नाही. असं का?

याची दोन मुख्य कारणं आहेत. पहिलं धूळ. स्फोट ताऱ्यांच्या जन्मभूमीत, धुळीने भरलेल्या ढगांत होतो आणि धूळ दृश्य प्रकाश गिळते, क्ष-किरणांना फारशी अडवत नाही. दुसरं अंतर. १२१.६ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश वाटेतला हायड्रोजन शोषतो. ताम्रसृती ८.२ असेल तर ही सीमा ताणून सुमारे १,१२० नॅनोमीटरवर येते, म्हणजे संपूर्ण दृश्य प्रकाश नाहीसा. दोन्हींत फरक करायचा तर अवरक्त कॅमेरा हवा. धूळ प्रकाश हळूहळू कमी करते, हायड्रोजन एका जागी कापून टाकतो.

दुसऱ्या कोणाला काहीच दिसलं नाही म्हणून आपला अवरक्त वेळ रद्द करू नका. जीआरबी ०९०४२३ अशाच "दृश्यात काही नाही" या नोंदीतून हाती लागला.

१३. आफ्टरग्लो मंदावता मंदावता थबकतो, पुन्हा उजळतो. चूक माझ्या मोजमापात आहे का?

असेलही, आधी तुलनेचे तारे पुन्हा तपासा. पण खरे प्रकारही आहेत. क्ष-किरणांचा आलेख कधी तासभर सपाट राहतो. मधलं इंजिन अजून ऊर्जा पुरवतंय असं त्यावरून अनेकांना वाटतं. कधी अचानक उसळ्या येतात. जीआरबी २१०२०४ए मध्ये अशी उसळी कित्येक दिवसांनी आली, आणि आयआयटी मुंबईच्या गटाने ग्रोथ-इंडियासह अनेक दुर्बिणींनी तिचा माग काढला. दोन-तीन आठवड्यांनी लालसर फुगवटा आला तर अतिनवतारा असण्याची शक्यता.

उलट, उतार एकदम तीव्र झाला आणि तो क्ष-किरण आणि दृश्य दोन्हींत एकाच वेळी झाला, तर झोताची कड दिसू लागली असं समजतात. झोताची रुंदी त्यावरून निघते. एकाच तरंगलांबीत मोड आला तर तो झोताचा नव्हे, हे ओळखायलाच दुसरी तरंगलांबी लागते.

१४. २०१७ च्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या घटनेत क्ष-किरण नऊ दिवसांनी का आले? क्रम उलटा नाही का?

१७ ऑगस्ट २०१७ ला गुरुत्वीय लहरी आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. अकराएक तासांनी चिलीतल्या स्वोप दुर्बिणीला सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी ४९९३ दीर्घिकेत नवा ठिपका मिळाला. तो निळा होता आणि काही दिवसांत लाल झाला. तो आफ्टरग्लो नव्हता, तो किलोनोव्हा होता. विलीनीकरणात बाहेर फेकलेल्या पदार्थात जड मूलद्रव्यं तयार होतात आणि त्यांच्या किरणोत्साराने तो पदार्थ चमकतो.

खरा आफ्टरग्लो नंतर आला: नवव्या दिवशी चंद्रा उपग्रहाला क्ष-किरण, सोळाव्या दिवशी व्हीएलएला रेडिओ. पुढे सुमारे पाच महिने तो वाढतच गेला. कारण झोत आपल्याकडे रोखलेला नव्हता. आपण त्याला तिरके, वीसेक अंशांवरून पाहत होतो. सुरुवातीला त्याचा प्रकाश अरुंद शंकूत पुढे जात होता. वेग कमी झाला तसा शंकू रुंदावला आणि आपण त्यात आलो. जीएमआरटीने कमी वारंवारतेवर हाच टप्पा टिपला. पहिल्या आठवड्यात काही नाही म्हणून लोकांनी हात आखडते घेतले असते, तर झोत होता की नव्हता हे आजही कळलं नसतं.

१५. आफ्टरग्लो आहे पण गॅमा किरणांची नोंदच नाही, असं होतं का?

होतं. त्यांना अनाथ आफ्टरग्लो म्हणतात. झोत तिरका असेल, किंवा त्या क्षणी कुठलाच उपग्रह तिकडे पाहत नसेल.

जानेवारी २०१७ मधली एक घटना आठवते. ४ जानेवारीला दोन कृष्णविवरांच्या मिलनातल्या गुरुत्वीय लहरी आल्या. त्या दिशेचं आकाश धुंडाळताना ॲटलस सर्वेक्षणाला भराभर मंदावणारा ठिपका मिळाला. त्या मिलनातून प्रकाशही आला की काय, अशी चर्चा सुरू झाली. पण ॲस्ट्रोसॅटच्या सीझेडटीआयच्या नोंदींत ५ जानेवारीचा एक गॅमा किरण स्फोट होता. मंदावण्याचा वेग मागे मोजत नेल्यावर ठिपक्याचा जन्म त्याच वेळेशी जुळला. दोन वेगळ्या घटना होत्या. आयआयटी मुंबईचे वरुण भालेराव आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं.

१६. काहीच दिसलं नाही तर परिपत्रक टाकायचं का?

हो, नक्की टाका. वेळ, गाळणी आणि "या प्रतीपर्यंत काही नाही" एवढं लिहा. प्रश्न ११ मधल्या जीआरबी ०६०६१४ ची सगळी गोष्ट न दिसलेल्या अतिनवताऱ्याचीच आहे.

१७. लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गॅमा किरणांचं काय? ते जमिनीवरून कसे दिसतात?

इतक्या ऊर्जेचा कण वातावरणात आदळला की दुय्यम कणांचा पाऊस पडतो आणि निळसर चेरेन्कोव्ह प्रकाश चमकतो. ला पाल्मावरच्या मॅजिक दुर्बिणी तो पकडतात. १४ जानेवारी २०१९ च्या स्फोटाकडे त्या मिनिटाभरात वळल्या आणि अशी ऊर्जा आफ्टरग्लोमध्ये असते हे दाखवलं. चीनमधलं लहासो हे वेधकेंद्र रात्रंदिवस तो कणांचा पाऊसच मोजतं. जीआरबी २२१००९एच्या वेळी त्याला पहिल्या ३,००० सेकंदांत ६४,००० हून जास्त असे फोटॉन मिळाले.

अडचण अशी, की वाटेतला ताऱ्यांचा जुना प्रकाश या किरणांना गिळतो, म्हणून फार दूरचे स्फोट या ऊर्जेत दिसत नाहीत. भाभा अणुसंशोधन केंद्राची हानलेमधली २१ मीटरची मेस दुर्बीण याच जातीची आहे.

१८. तोच २०२२ चा "आजवरचा सर्वांत तेजस्वी" स्फोट सुरुवातीला ओळखू का आला नाही?

भारतात तेव्हा तिन्हीसांज झाली होती, ६ वाजून ४७ मिनिटं. फर्मीने तो पकडला, पण इतका प्रखर की उपकरणच भांबावलं. स्विफ्टला तो तासाभराने दिसला. जागा शर तारकासमूहात, आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ, आणि तासाभरानंतरही तेज प्रचंड. म्हणून तो आपल्याच दीर्घिकेतला एखादा स्रोत वाटला आणि तसंच नाव दिलं गेलं. दोन्ही नोंदी जुळल्यावर उलगडा झाला. प्रकाश सुमारे १.९ अब्ज वर्षांपूर्वीचा होता.

आकाशगंगेतल्या धुळीमुळे दृश्य निरीक्षणं अवघड गेली, पण त्याच धुळीवरून क्ष-किरण विखुरले आणि पसरत जाणारी वीस कडी दिसली. त्यांवरून आपल्याच धूळढगांची अंतरं मोजता आली. सुमारे सहा महिन्यांनी जेम्स वेबने खाली दडलेला अतिनवतारा शोधला. तो अगदी साधा निघाला.

१९. पृथ्वीला धोका आहे का?

२०२२ च्या स्फोटाने आपल्या आयनावरणात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) मोजता येण्याइतकी खळबळ केली, बाकी काही नाही. आकाशगंगेतलाच स्फोट आपल्याकडे रोखलेला असेल तर ओझोनचं नुकसान होऊ शकतं. पण त्यासाठी जवळपणा आणि नेमकी दिशा दोन्ही जुळून यावी लागतात.

२०. स्फोटासारखं दिसतं पण स्फोट नसतो, असं काही?

विजांच्या ढगांतून निघणाऱ्या मिलिसेकंदांच्या गॅमा चमका फर्मी नेहमी नोंदवतो. मॅग्नेटारच्या (प्रचंड चुंबकीय क्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या) उसळ्याही आखूड स्फोटासारख्या दिसतात. १५ एप्रिल २०२० ची उसळी आपल्या शेजारच्या एनजीसी २५३ दीर्घिकेच्या दिशेने आली आणि तिचं मूळ मॅग्नेटार असल्याचं मानलं जातं.

२१. आणि जो स्फोट दिवसभर चालला, त्याचं काय झालं?

२ जुलै २०२५ चा जीआरबी २५०७०२बी. फर्मीचं उपकरण काही तासांत पुन्हा पुन्हा वाजलं. गॅमा किरण स्फोट एकदाच होतो, कारण तारा कोसळून संपतो, म्हणून आधी नोंदींवर विश्वास बसेना. आइनस्टाइन प्रोब उपग्रहाच्या नोंदींत तर आदल्या दिवशीच तिथून क्ष-किरण येत होते. जागा पुन्हा आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ, त्यामुळे प्रश्न १८ सारखीच शंका आली. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीच्या अवरक्त प्रतिमांनी स्रोत दुसऱ्या दीर्घिकेतला असल्याचं सुचवलं, आणि पुढे ताम्रसृती १.०३६ मिळाली. दृश्य प्रकाशात धुळीमुळे फारसं काही नव्हतं, सगळी भिस्त अवरक्त, क्ष-किरण आणि रेडिओवर होती. कृष्णविवराने तारा फाडला, की ते एखाद्या ताऱ्याच्या पोटातच शिरलं, यावर अजून चर्चा चालू आहे.